डोंगर तुमच्या बाल्कनीसाठी नाही

डोंगरातलं फुलझाड मुळासकट उपटून घरी आणणारा माणूस चोर आहे. तो शिकलेला असेल, वर्षानुवर्षं किल्ल्यांवर जाणारा असेल, एखाद्या निसर्गमंडळाचा आजीव सभासद असेल, त्याच्या गच्चीवर गांडूळखताची पिंपं असतील, तरीही चोरच. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. सह्याद्रीत फुलं बघत मी आयुष्याची बरीच वर्षं हिंडले आहे. जिथे दरवर्षी हमखास भेटणारी झाडं होती तिथे आता उकरून काढल्याचे खळगे दिसतात, आणि ते खळगे कोण पाडतं हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्यासारखेच शहरातले, फुलांवर जीव असल्याचं सांगणारे लोक ते पाडतात. त्यांच्याशीच मला बोलायचं आहे.

आपल्या डोंगरातली फुलं एकदम येत नाहीत, पाळीपाळीने येतात. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर पेटतात आणि धायटीची झुडपं लालेलाल होतात. चैत्र-वैशाखात कुसराचा वास पायवाटेवर अडवतो आणि मोठ्या झाडांच्या फांद्यांवर आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलायला लागतात. मे सरता सरता जुन्या आंब्यांवर, ऐनांवर सीतेची वेणी लोंबू लागते. पहिल्या पावसाबरोबर सापकांदा फणा काढतो, कोकणातल्या सड्यांवर दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात, आणि श्रावण-भाद्रपदात तर सह्याद्रीच्या माथ्यावर पाय कुठे ठेवावा असा प्रश्न पडतो. शिशिरापासून शरदापर्यंत हा मेळा चालतो आणि त्या सबंध काळात सॅकमध्ये जुनी सुरी नाहीतर स्क्रूड्रायव्हर घेऊन हिंडणारेही असतात. फूल दिसलं की आधी फोटो. मग इकडेतिकडे बघून काठीच्या टोकाने बुंध्याशी उकरायचं आणि ओल्या मातीसकट कंद प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकायचा. संध्याकाळी ग्रुपवर फोटो येतो, खाली ‘आमच्याकडे नवा पाहुणा’. त्याच्याखाली कौतुकाची रांग लागते. त्या रांगेत एकही माणूस विचारत नाही की हे आलं कुठून.

एका घाटाच्या वळणावर चहाच्या टपरीशेजारी एक पोरगा गोणपाटावर आमरी मांडून बसला होता. मी वाकून बघितलं. आमरीची मुळं सालीला इतकी घट्ट चिकटलेली असतात की ती सोडवता येत नाहीत, तोडावीच लागतात. त्या गोणपाटावरच्या प्रत्येक झाडाच्या मुळांना सालीचे तुकडे चिकटलेले होते आणि मुळांची टोकं मोडलेली होती. हवेतला ओलावा टिपणारं त्यांचं पांढरं, स्पंजासारखं आवरण जागोजागी सोलून तपकिरी पडलं होतं. एका झाडाला कळ्यांचा तुरा होता, तो मधेच पिचला होता.

“मावशी, घेऊन जावा. झाडाला बांधलं की दरसाल फुलतंय.”

“कुठून काढल्यास रे?”

“आमच्याच रानातल्या. आंबा पडला न्हवं, त्याच्यावरच्या.”

पोरगा कदाचित खरं बोलत असेल. तेवढ्यात एक मोटार थांबली, आतून उतरलेल्या जोडप्याने घासाघीस करून चार झाडं घेतली आणि डिकीत, तापलेल्या पत्र्याखाली टाकली. मला त्या पोराचा राग आला नाही. वैशाखात त्याच्या गावात दुसरं काम नव्हतं. मला राग आला तो मोटारवाल्यांचा, कारण त्यांच्या खरेदीमुळे तो पोरगा उद्या पडलेल्या आंब्यावर थांबणार नाही, उभ्या आंब्यावर चढेल. मागणी शहरातून येते. पुरवठ्याचं खापर गावावर फोडायचं आणि आपण निसर्गप्रेमी म्हणून मिरवायचं, हा उद्योग आता बंद झाला पाहिजे.

ही उपटलेली झाडं घरी का जगत नाहीत, हे उपटणाऱ्यांना जाणून घ्यायचंच नसतं, म्हणून सविस्तर सांगते.

आमरीचं बी पिठासारखं बारीक असतं. एका बोंडात ती हजारोंनी असतात, पण बियांत अंकुराला पुरेल असा अन्नसाठाच नसतो. जमिनीत किंवा सालीवर योग्य जातीची बुरशी भेटली, तिने अन्न पुरवलं, तरच ते रुजतं. म्हणून हजारो बियांतून एखादं रोप उभं राहतं आणि त्याला फूल यायला वर्षं जातात. तुम्ही जे झाड ‘एकच तर आहे’ म्हणून उचलता, ते त्या हजारोंतून वाचलेलं एक असतं. जमिनीवर वाढणाऱ्या पांढऱ्या फुलांच्या आमरी, ज्यांना शास्त्रज्ञ हॅबेनारिया म्हणतात, त्यांची गोष्ट तर आणखी वाईट. त्यांचा कंद दरवर्षी नवा होतो. जुन्या कंदातलं अन्न खर्चून झाड पानं आणि फूल काढतं, आणि फूल उमलत असतानाच शेजारी पुढच्या वर्षीचा कंद भरू लागतो. फूल दिसलं म्हणून तुम्ही उकरता तेव्हा जुना कंद रिकामा झालेला असतो आणि नवा अजून भरलेला नसतो. झाडाच्या सबंध वर्षातला सगळ्यात नाजूक काळ तुम्ही निवडता. कुंडीत ते झाड आठवडाभर टवटवीत दिसतं, फूल टिकतं, फोटो छान येतात. पुढच्या पावसाळ्यात कुंडीतून काहीच वर येत नाही. तोवर तुम्ही दुसरं उपटलेलं असतं.

नुकसान मागे डोंगरातही होतं. सापकांद्याच्या जातकुळीत कंद लहान असताना झाडाला नर फुलं येतात आणि कंद पुरेसा मोठा झाला, म्हणजे फळ धरायचं बळ आलं, की मादी फुलं येतात. आता उपटणारा कुठलं झाड निवडतो? सगळ्यात उंच, सगळ्यात भरदार. म्हणजे नेमकं बी धरणारं. मागे उरतात ती लहान, नर फुलांची झाडं. उतारावर फणे डोलताना दिसतात म्हणून सगळं ठीक चाललंय असं वाटतं, आणि बी धरणारं तिथे कुणी उरलेलंच नसतं.

घरी न जगण्याचं आणखी एक कारण माती. कासचं पठार असो, आंबोलीजवळचे सडे असोत की कोकणातली कातळं, जांभ्याच्या सपाटीवर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर. पावसाचे चार महिने तिथे पाणी साचलेलं, आणि एप्रिल-मे महिन्यात त्याच दगडावर पाय ठेवला तर पोळतो. मातीत नत्र इतकं कमी की सीतेची आसवं आणि दवबिंदू या झाडांनी किडे पकडून ती उणीव भरून काढली. सीतेच्या आसवांना जमिनीखालच्या तंतूंवर बारीक फुगे असतात, त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. दवबिंदूच्या पानांवरच्या चिकट थेंबांना चिलटं अडकतात. अशा झाडाला तुम्ही शेणखत, कोकोपीट आणि महानगरपालिकेचं क्लोरिनचं पाणी देता. ज्या भुकेवर ते झाड घडलं ती भूकच तुम्ही काढून घेता आणि वर तुम्हाला वाटतं की आपण त्याला गोडधोड खाऊ घालतोय.

आता कंदीलपुष्प. सह्याद्रीच्या या वेलींवर आणि छोट्या झुडपांवर उपटणाऱ्यांचा विशेष डोळा, कारण फूल विलक्षण. खाली फुगीर नळी, वर पाच पाकळ्या टोकाशी जुळलेल्या, आणि मधल्या फटींतून उजेड आत येतो. भिंगातून बघितलं तर नळीच्या आत खाली वळलेले केस दिसतात. वासाने ओढलेली चिलटं आत घसरतात, केसांमुळे त्यांना वर येता येत नाही. आत धडपडताना परागाच्या पिशव्या त्यांना चिकटतात. पुढे केस मरगळतात, वाट मोकळी होते आणि ती चिलटं दुसऱ्या फुलाकडे जातात. ही सगळी यंत्रणा ठरावीक जातीच्या चिलटांवर आणि जवळपास असलेल्या दुसऱ्या वेलीवर उभी आहे. तुमच्या सहाव्या मजल्यावर दोन्ही नाहीत. तिथे तो वेल जगला, फुलला, तरी बी धरत नाही. वंश न वाढवणारं झाड त्या जातीच्या दृष्टीने मेल्यातच जमा आहे. आणि कंदीलपुष्पांतल्या कित्येक जाती अशा आहेत की त्या जगात फक्त सह्याद्रीत, तिथेही मोजक्या पठारांवर आणि कड्यांवर सापडतात. अशा ठिकाणी ‘एक नेल्याने काय होतं’ हा प्रश्न विचारायलाही माणूस निर्ढावलेला लागतो. तुमच्या आधी आलेल्यानेही एकच नेलेलं असतं.

मग सगळ्यात लाडका युक्तिवाद येतो: ‘डोंगरात वणवे लागतात, रस्ते होतात, रिसॉर्ट होतात, मी ते झाड वाचवतोय.’ या युक्तिवादाचं उत्तर शिवसुमन या झाडाने देऊन ठेवलं आहे. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डालझेल या वनस्पतितज्ज्ञाने १८६० च्या दशकात त्याचं वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव त्याला दिलं. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या कड्याकपारींत ते वाढतं. मांसल खोड, त्यावर पानं, आणि गडद तांबड्या रंगाचं, पिवळे ठिपके असलेलं चांदणीसारखं फूल. या झाडाची फांदी तोडून लावली तर सहज मुळं धरते. त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या मांसल झाडांच्या हौशी लोकांकडे ते गेली कित्येक दशकं कुंड्यांत मजेत आहे. मग ते वाचलं का? नाही. आपल्या कड्यांवर ते अजूनही संकटग्रस्त आहे. कारण कुंडीतल्या हजार फांद्या एकाच झाडाच्या नकला असू शकतात. कड्यावरचं झाड म्हणजे तिथल्या माश्या, तिथली कपार, तिथलं ऊन-पाणी आणि पिढ्यान् पिढ्यांचा सरमिसळ झालेला वंश. कुंडीत झाड जगवता येतं. जात जगवायची तर कडा जगवावा लागतो.

झाडं खरोखर वाचवणारे लोक कसे काम करतात तेही बघा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पांच्या जाती शोधल्या, नोंदल्या, विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात वाढवल्या. त्यामागे अभ्यास आहे, कुठल्या ठिकाणाहून काय आणलं याची नोंद आहे, बियांपासून आणि प्रयोगशाळेतल्या ऊतीसंवर्धनातून रोपं करण्याची खटपट आहे. रविवारी काठीने कंद उकरून ‘संवर्धन’ हा शब्द वापरणाऱ्याने त्या कामाशी आपली तुलना करू नये.

दुसरी पळवाट: ‘गुरं खातात, गावकरी खणतात, मग आमच्यावरच का?’ गुरं पान खातात, कंद जमिनीत राहतो. चराई आणि गवत यांचा तर असा संबंध आहे की ती पूर्ण थांबवली की उंच गवत माजतं आणि बुटक्या फुलझाडांचा श्वास कोंडतो. कासला कुंपण घातल्यावर हाच वाद उभा राहिला आणि शेवटी कुंपण काढायची वेळ आली. गावातल्या बायका पावसाच्या सुरुवातीला शेवळं आणतात, कवळ्याची, फोडशीची भाजी खुडतात. त्या पाला खुडतात, मूळ ठेवतात. कारण पुढच्या वर्षीही त्यांना तिथेच यायचं असतं. कोकण-गोव्यात गणपतीच्या वर माटवी-माटोळी सजते ती रानातल्या फळाफुलांनी. गौरीसाठी तेरडा उपटून आणतात, पण तेरडा एका पावसाळ्याचं झाड आहे, रानोमाळ उगवतं आणि बोटाचा धक्का लागला तरी बी उधळतं. कुठल्या झाडाला काय सोसतं याची जाण त्या चालीरीतींत आहे. जिथे बाजार शिरला तिथे ती जाण संपली. सफेद मुसळीला भाव आला आणि जंगलंच्या जंगलं खणून काढली गेली. तेव्हा तुलना करायचीच असेल तर उपटणाऱ्याने स्वतःची तुलना मुसळीच्या व्यापाऱ्याशी करावी, भाजीवाल्या आजीशी नव्हे.

‘आम्ही उपटत नाही, फक्त फांदी आणतो’ म्हणणाऱ्यांनी कारवीकडे बघावं. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८ मध्ये फुलली, मग २०१६ मध्ये, मग २०२४ मध्ये. आठ वर्षं ते झुडूप नुसतं वाढतं, एकदाच फुलतं, बी धरतं आणि मरतं. बोंडं वाळून झाडावरच राहतात आणि पुढच्या पावसाचं पाणी लागलं की तडतड फुटून बी दूर फेकतात. म्हणजे फुललेली कारवी तुम्ही फुलदाणीसाठी तोडलीत तर त्या झाडाच्या आयुष्यातली एकुलती एक संधी तोडलीत. त्याला पुढचं वर्ष नसतं. तरी प्रत्येक बहरात डोंगरवाटांवर जांभळ्या फांद्यांचे भारे घेऊन फोटो काढणारे दिसतात, आणि त्यांना हटकलं तर म्हणतात, ‘एवढं आहे की!’ एवढं आहे, कारण आठ वर्षं कुणी हात लावला नाही.

कायदा काय करतो, असं विचाराल तर उत्तर निराशाजनक आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण आलं ते १९९१ च्या दुरुस्तीने, आणि यादीत वनस्पती होत्या अवघ्या सहा. त्यांत महाराष्ट्रातली एकही नव्हती. ती यादी वाढायला २०२२ ची दुरुस्ती यावी लागली. राखीव जंगलातून झाड, वेल, कंद काहीही नेणं १९२७ च्या वन कायद्यानेच गुन्हा आहे, आणि आमरींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारानुसार नियंत्रण आहे. पण नाक्यावरचा वनरक्षक सॅक उघडून बघतो तो दारूच्या बाटलीसाठी. कंद बघत नाही, आणि बघितला तरी तो कशाचा हे ओळखायला त्याला कुणी शिकवलेलं नाही. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आली, तिकीट आलं, स्थानिक गावांच्या समित्या राखणीला उभ्या राहिल्या. तिथे निदान पहारा आहे. बाकीचे शेकडो सडे उघडे आहेत.

त्या उघड्या सड्यांवर गर्दी नेणाऱ्यांचं काय करायचं? पैसे घेऊन ‘फुलांचा ट्रेक’ नेणारे कित्येक आयोजक मी पाहिले. एका अशा सहलीत म्होरक्याने दुर्मीळ वेलीभोवती पंचवीस-तीस माणसं गोळा केली, सगळ्यांना फोटो मिळावा म्हणून आजूबाजूचं गवत हाताने उपटून काढलं आणि निघताना ठिकाणाचा नकाशा ग्रुपवर टाकला. मी विरोध केला तर म्हणाला, “ताई, लोकांना माहीतच झालं नाही तर लोक जपणार कसं?” लोकांना झाड माहीत व्हावं, त्याचा पत्ता नव्हे. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप बसते. ती बंद करायला दोन बोटांचं काम आहे. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर संकटातल्या जातींचं ठिकाण मुद्दाम धूसर दाखवतात, ते उगाच नाही. पत्ता मिळाला की मागोमाग विकणारे येतात, आणि समाजमाध्यमांवर ‘दुर्मीळ’ या एका शब्दाने भाव चढतो.

उलट दिशेची वाहतूकही तितकीच घातक. घरच्या बागेतलं डोंगरात नेऊन टाकायचं हे नवं खूळ. पावसाळ्याच्या तोंडावर बीजगोळे फेकायचे, सड्यावर खड्डे खणून वृक्षारोपण करायचं, घाटरस्त्याला शोभा यावी म्हणून कॉसमॉस पेरायचा. मेक्सिकोतून आलेला हा केशरी-पिवळा कॉसमॉस पुण्याच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला असा पसरला आहे की त्याच्याखाली सोनकी आणि तेरडा दिसेनासे झालेत. आणि लोक त्यातच उभे राहून ‘रानफुलांचा’ फोटो काढतात. सडा म्हणजे झाडं नसलेली पडीक जमीन, हे डोक्यातून काढून टाका. तिथे झाडं नाहीत म्हणूनच ती फुलं आहेत. तिथे पाडलेला प्रत्येक खड्डा हा एका घडलेल्या रचनेचा केलेला नाश आहे.

मग घरी काही लावायचंच नाही का? लावा, भरपूर लावा. डोंगराचा रंग घरी आणायला डोंगर लुटावा लागत नाही.

तेरडा लावा; बी कुठल्याही बियाण्याच्या दुकानात मिळतं आणि एकदा लावला की कुंडीत स्वतःच दरवर्षी पेरून घेतो. अंगण असेल तर करवंद खाऊन झाल्यावर बिया टाकू नका, धुऊन लगेच पेरा. काटेरी कुंपण होतं आणि वसंतात पांढऱ्या फुलांचा सुवास येतो. पळस हवा असेल तर मे-जूनमध्ये रस्त्याच्या कडेच्या झाडाखाली पडलेल्या शेंगा गोळा करा. कागदासारख्या चपट्या शेंगेच्या टोकाला एकच बी असतं. ते ताजं असतानाच, जिथे झाड हवं तिथेच लावा, कारण त्याचं सोटमूळ खोल जातं आणि रोप हलवलेलं त्याला सोसत नाही. बहाव्याचं बी टणक. खरखरीत दगडावर घासून रात्रभर भिजवलं तर उगवतं. ताम्हण, आपलं राज्यपुष्प, बियांपासून येतं आणि त्याची रोपं रोपवाटिकेत सहज मिळतात. धायटी मागून घ्या, लाल फुलांवर शिंजीर पक्षी येतील. पांगाऱ्याची फांदी रोवली तर जीव धरते. पेव आणि रानहळदीचे कंद लागवड करणाऱ्यांकडून मिळतात, सावलीत छान येतात. कळलावीही लागवडीतला कंद विकत घेऊन लावता येते, पण तिचं सगळं अंग विषारी आहे, कंद तर जास्तच. लहान मूल किंवा पाळीव जनावर असलेल्या घरात ती नको. आमरीची हौस असेल तर ऊतीसंवर्धनातून तयार झालेली विकत घ्या, आणि मातीच्या कुंडीत न कोंबता सालीच्या तुकड्यावर किंवा अंगणातल्या झाडावर बांधा. रानात वादळाने पडलेल्या फांदीवर आमरी दिसली तर ती तिथल्याच उभ्या झाडाच्या बेचक्यात, सावलीच्या बाजूला, सुतळीने बांधून या. घरी आणू नका.

बाकीच्यांचं काय? कंदीलपुष्प, सापकांदा, जमिनीवरच्या आमरी, सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद, साताऱ्याच्या पठारांवरच्या तळ्यांतला वायतुरा. ही डोंगरात जाऊनच बघायची. गुडघ्यावर बसा, साधं भिंग लावा, वहीत चित्र काढा, नाव शोधा. श्रीकांत इंगळहळीकरांची सह्याद्रीच्या फुलांवरची पुस्तकं सोबत असली तर ओळख पटायला त्रास होत नाही. सगळं काही आपल्या मालकीचं झालं पाहिजे, ही खाज जिरवायला डोंगर नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. वनविभागाच्या आणि विद्यापीठांच्या रोपवाटिकांनी स्थानिक फुलझाडांची बियांपासून केलेली रोपं लोकांना रास्त किमतीत विकावी, म्हणजे हौसेला सरळ वाट मिळेल. खाजगी रोपवाटिकांनी रानटी झाड विकताना ते कुठे वाढवलं हे लेखी द्यावं. दिलं नाही तर गिऱ्हाइकाने घेऊ नये. पुष्पप्रदर्शनं भरवणाऱ्यांनी डोंगरातून उपटलेल्या झाडाला बक्षीस देणं बंद करावं. आयोजकाने उतरणीच्या आधी सगळ्यांसमोर सॅक उघडायला सांगाव्या, स्वतःची सगळ्यात आधी. नाक्यावरच्या वनरक्षकाला त्याच्या हद्दीतली निदान वीस झाडं कंदावरून ओळखता यावी असं प्रशिक्षण मिळावं.

आणि वाचकाने एकच करावं. कुणी गच्चीवर नेऊन कौतुकाने रानफूल दाखवलं, तर वाहवा करण्याआधी विचारावं, “हे कुठून आणलंत?” उत्तर ‘डोंगरातून’ असं आलं तर भिडेखातर गप्प बसू नये. तिथल्या तिथे, यजमानाच्या चहाची पर्वा न करता, चुकीचं केलंत असं तोंडावर सांगावं. दहा ठिकाणी असं ऐकावं लागलं की अकराव्या वेळी तो माणूस सुरी घरी ठेवून निघेल.